गळकी बकरी

"पावडर आणलीस का?" गोदाने मान वर न करता विचारलं.

सुग्रीवने शर्टाच्या आत लपवलेला डबा बाहेर काढला. "आईचा आहे. संध्याकाळच्या आत जागेवर ठेवायचाय."

"मग उन्हात कशाला उभा हायस? बस खाली. लांबून दिसतोस."

सुग्रीव मुकाट्याने हिरव्या जाळीच्या सावलीत सरकला. समोर गोदाच्या भावाची गाडी उभी होती आणि तिच्या पोटाखाली मुरमावर तव्याएवढा काळा डाग पडला होता. गोदाचा धाकटा भाऊ आश्रुबा त्या तेलात काडी बुडवून दगडावर चित्रं काढत होता. त्याला सगळे आश्र्याच म्हणत.

लिंबारवाडीच्या पोरांची त्या वर्षीची मे महिन्याची सुट्टी माळावरच्या चारा छावणीतच चालली होती. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. घरं गावात होती, पण माणसं जनावरांपाशी येऊन राहिली होती. जाळ्यांखाली गाईबैलांच्या रांगा उभ्या असत. बरगड्या वर आलेल्या, माना खाली. कुणी हंबरत नसे. हंबरायलाही अंगात ताकद लागते.

गाडी धर्मराजची, म्हणजे गोदाच्या मोठ्या भावाची. तो मध्ये एक वर्ष पुण्याला एका भंगारवाल्याकडे कामाला होता. परत येताना त्याने ही गाडी आणली. रेस खेळणाऱ्या श्रीमंत पोरांची असते तसली पिट बाईक. माणसाच्या गुडघ्याएवढी उंच, जाडजूड चाकांची, ना दिवा, ना नंबरची पाटी. डांबरी रस्त्यावर ती नेता येत नसे. आश्र्याने पाहताक्षणी तिचं नाव बकरी ठेवलं आणि गावाने तेच उचललं. बकरीच्या दोन्ही अंगांना कॅन बांधून धर्मराज छावणीतलं दूध शेतातल्या वाटेने दूध संस्थेच्या केंद्रावर नेऊन घालायचा.

आता ते काम त्याच्याकडे नव्हतं. धर्मराजही गावात नव्हता.

त्याला कारण पाणी. माजलगाव धरणाच्या तळाशी जे काही पाणी उरलं होतं, त्यावर गावाच्या सहकारी पाणी सोसायटीचा पंप होता. तिथून सिमेंटच्या पाइपलाइनीतून पाणी छावणीच्या हौदात पडायचं. पण होळीपासून हौद जेमतेम अर्धा भरत होता. सोसायटीचे चेअरमन मोहनराव म्हणत होते, वाटेत कुणीतरी व्हॉल्व फिरवून पाणी पळवतंय. आणि मागच्या आठवड्यात वाटेतल्या लिंबाखाली, बरोबर व्हॉल्वच्या चेंबरपाशी, त्यांना तेलाचे काळे थेंब दिसले.

त्यांनी सगळ्या छावणीसमोर धर्मराजला उभं केलं होतं.

"गाडी गळती माझी," धर्मराज म्हणाला होता. "त्या लिंबाखालीच तेवढी सावली हाय. तिथं थांबून तेल वततो इंजिनात."

"रोज तिथंच? चेंबरपाशीच?"

"दुसरीकडं झाड कुठं हाय, चेअरमन?"

कुणी हसलं नाही. कुणी धर्मराजच्या बाजूनेही बोललं नाही. दुधाचं काम काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो पुण्याला निघून गेला. आईवडील ऊसतोड संपल्यावर घरी न येता तसेच वीटभट्टीवर गेले होते. छावणीत राहिली आजी भिवराबाई, गोदा, आश्र्या आणि त्यांची एकुलती एक गाय, कपिली.

आणि सुग्रीव मोहनरावांचाच मुलगा होता. बीडला वसतिगृहात राहून आठवीत शिकणारा.

"तू हितं येतोस ते तुझ्या वडलांना कळलं तर?" गोदाने विचारलं.

"नाही कळणार."

"कळलं तर?"

"मार खाईन."

"बरं," गोदा म्हणाली. तेवढ्याने तिचा राग जरासा उतरला. "डिझेल आणलंस?"

त्याने ट्रॅक्टरमधून काढून आणलेली डिझेलची बाटली पुढे केली. छावणीतलं दूध तर केंद्रावर जायलाच हवं होतं आणि दुसरं कुणी मिळेना म्हणून ते काम आजीने मागून घेतलं होतं. दोन दिवस आजी कॅन डोक्यावर घेऊन उन्हातून चालत गेली होती आणि आल्यावर जाळीच्या बांबूला टेकून डोळे मिटून बसली होती. गोदाला बकरी चालवता येत होती. आजीला हे माहीत नव्हतं, पण ते पुढचं पुढे. आधी गळती थांबवायची होती, नाहीतर तेलाविना इंजिन जळून गेलं असतं.

तिघांनी डिझेलमध्ये चिंध्या बुडवून इंजिन घासायला घेतलं. महिन्याभराचं तेल आणि त्यावर बसलेली धूळ यांचा जाड थर झाला होता. खालून हळूहळू चकचकीत धातू दिसायला लागला.

"आता पावडर," सुग्रीव म्हणाला. "मोबाइलवर पाहिलंय मी. सगळं कोरडं करायचं, पावडर मारायची आणि चालू करायची. जिथनं गळतं तिथं पावडर पहिली काळी पडते."

आश्र्याने उदार हाताने पावडर उधळली. बकरी पांढरी झाली, आश्र्याही झाला.

"लई वास सुटलाय," तो म्हणाला. "बकरी लग्नाला निघाली जणू."

गोदाने किक मारली. इंजिन फटफटायला लागलं. तिघं गुडघ्यांवर बसून टक लावून पाहत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग डाव्या बाजूला, गिअरचा दांडा इंजिनात शिरतो तिथे, पावडरीवर एक बारीक काळी रेघ उमटली.

"सापडलं," आश्र्या ओरडला.

"गप. दादानं तिथलं सील माजलगावच्या मिस्त्रीकडनं बदलून आणलंय. नवं हाय ते," गोदा म्हणाली. "नवं कसं गळंल?"

"इकडे बघ," सुग्रीव उजव्या बाजूने म्हणाला. तिथे झाकणाच्या खालच्या कडेलाही तेल ओघळत होतं. "दोन्ही बाजूंनी? एकाच वेळी?"

गोदाने इंजिन बंद केलं. कपाळाला आठ्या घालून ती बसून राहिली. एक सील खराब होऊ शकतं. पण नवं सील आणि पलीकडचं पॅकिंग एकदम?

"तेल किती उरलंय बघू तरी," असं म्हणत तिने तेल भरायच्या झाकणाला हात घातला आणि ते फिरवलं.

फुस्स!

झाकण हातातून जवळजवळ उडालंच. तेलाचा फवारा आश्र्याच्या पांढऱ्या तोंडावर बसला. तो इतका दचकला की रडायचंही विसरला.

"आतनं हवा आली," गोदा हळूच म्हणाली.

सुग्रीवचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आत दाब साठतोय. हवेला बाहेर जायला जागाच नाही. मग ती तेलाला ढकलते, आणि तेल वाट मिळेल तिथनं बाहेर पडतं. सील नवं असू दे, नाहीतर जुनं. थांब, झाकण थोडं सैल ठेवून बघू."

पुसून, पुन्हा पावडर मारून, झाकण एक आटा सैल ठेवून त्यांनी बकरी चालू केली. झाकणापाशी थोडी फुसफुस झाली, पण दोन्ही बाजूंची पावडर पांढरीच्या पांढरी राहिली.

"मंग आधी हवा कुठनं जायची?" आश्र्याने तोंड पुसत विचारलं.

प्रश्न लहान पोराचा होता, पण नेमका होता. गोदाने इंजिनाच्या डोक्यावर बोट फिरवलं. तिथून एक बारीक रबरी नळी निघून सीटखाली मागे गेली होती. टोक उघडं, कशालाच जोडलेलं नाही. सुग्रीवने त्या टोकात फुंकर मारून पाहिली. गाल फुगले, पण हवा जाईना. गोदाने कुंपणाची तार वाकवून आत खुपसली. आधी भुकटी पडली. मग मातीची एक घट्ट लांबट गोळी बाहेर आली आणि फुटली. आतून सुकलेले कोळी पडले, पाय आखडलेले.

"ई!" सुग्रीव मागे सरला.

"कुंभारमाशीचं घर," गोदा म्हणाली. "ती मातीनं घर बांधती अन् पिलांना खायला कोळी भरून ठिवती. हनुमान जयंतीला दादा तापानं पडलता. गाडी आठवडाभर हलली नव्हती. तवाच घातलं असणार." ती त्या मातीच्या तुकड्यांकडे बघत राहिली. "त्याच्यानंतरच गाडी गळाया लागली. एवढ्याशा गोळीपायी माझ्या भावाला चोर म्हणले."

सुग्रीव खाली वाकून चिंध्या गोळा करायला लागला. चोर म्हणणारे त्याचेच वडील होते.

झाकण घट्ट लावून त्यांनी पुन्हा तपासलं. एक थेंबही गळला नाही. एरवी तिघांनी नाचून छावणी डोक्यावर घेतली असती. पण पलीकडे कपिली सकाळपासून बसली होती ती उठली नव्हती. आजी तिच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या धरत होती आणि पाणी ओठांवरून खाली ओघळत होतं. पोरांनी पावडरचा डबा झाकला आणि आपापल्या वाटेने गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कपिली गेली.

सुग्रीव आला तेव्हा ट्रॅक्टर तिला घेऊन गेला होता. दावणीची जागा झाडून स्वच्छ केलेली होती. आजी दावणीकडे पाठ करून पडली होती. गोदा जाळीच्या बांबूखाली मान वर करून बसली होती. रडून डोळे सुजले होते, पण आता ती रडत नव्हती.

सुग्रीव सावलीच्या कडेलाच थांबला. "मी नंतर येतो," तो म्हणाला.

"थांब. ते बघ."

बांबूच्या सांध्यावर एक कुंभारमाशी मातीचं घर लिंपत होती. बारीक कमरेची, पिवळ्या पायांची. तिच्या तोंडात वाटाण्याएवढा चिखलाचा गोळा होता. तो तिने कडेला लावला, थापला आणि उडून गेली. आश्र्या बांबूवर सरसर चढला आणि त्याने बोट लावून पाहिलं.

"ओला हाय," तो वरून म्हणाला.

"ही सकाळधरनं कितीक खेपा करतीय," गोदा म्हणाली. "ओला अन् काळा चिखल. आपल्या हौदाखाली काय हाय? लाल मुरूम. अन् तिथं सांडलेलं पाणी जनावरं चाटून घेत्यात. मंग हिला काळा चिखल कुठं मिळतो? सगळ्या शिवारात हिरीला पाणी न्हाई. आमच्या गायीला प्यायला न्हाई. अन् हिला घर बांधायला हाय?"

सुग्रीवने माळाकडे नजर टाकली. "एवढीशी माशी फार लांबून चिखल आणणार नाही."

"तेच म्हणते मी."

माशीच्या मागे पळणं सोपं नव्हतं. पहिल्या खेपेला ती चाऱ्याच्या ढिगावरून दिसेनाशी झाली. म्हणून त्यांनी युक्ती केली. आश्र्या बांबूपाशी थांबला, सुग्रीव ढिगापाशी, गोदा त्याच्या पुढे. माशी निघाली की आश्र्या हात वर करायचा. ज्याला जिथे ती शेवटची दिसेल तिथे त्याने जायचं आणि पुढच्या खेपेची वाट पाहायची. ऊन चढत होतं. मध्येच एक साधी माशीच त्यांना बोरीच्या झुडपांकडे घेऊन गेली आणि बराच वेळ वाया गेला.

"मला वाटलं तीच हाय," आश्र्या म्हणाला.

"तीच म्हणे. ती घरमाशी होती, येड्या."

टप्प्याटप्प्याने ते माळ उतरून लिंबाच्या झाडापर्यंत आले, जिथे चेंबर होतं. धर्मराजच्या गाडीचे डाग अजून तिथे होते. गोदाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माशी लिंबाच्या बाजूने वळून, चेंबरमधून छावणीकडे येणारी पाइपलाइन जिथून जाते त्या कोरड्या ओढ्यात उतरत होती. ओढ्याच्या काठावर वेडी बाभूळ माजली होती. तिथे कोणी जात नसे. काट्यांमधून वाकून, ओरखडे सोसत पोरं आत शिरली आणि थांबली.

ओढ्याच्या तळाशी, दरडीच्या सावलीत, हिरवं गवत होतं. खरं हिरवं गवत. त्यावर पिवळी फुलपाखरं बसली होती आणि काठच्या काळ्या चिखलावर कुंभारमाश्या गोळे वळत होत्या.

"पाणी," आश्र्या म्हणाला आणि धावला.

"आश्र्या, थांब!"

तो गवतावर पोचला आणि जमिनीने त्याला गिळलं. आवाजसुद्धा झाला नाही. आत्ता पोरगं होतं आणि आत्ता तिथे एक काळं भोक होतं. मग खालून त्याचं रडणं ऐकू आलं.

गोदा पुढे झेपावली, पण सुग्रीवने तिचा हात धरला. "उभं राहून नको. तूपण जाशील. खालून जमीन पोकळ झालीय."

गोदा पोटावर आडवी झाली आणि सरकत सरकत भोकापर्यंत गेली. आत आश्र्या कमरेएवढ्या चिखलात रुतला होता. त्याच्या डोक्यामागे, मातीत, सिमेंटच्या पाइपचा गोल भाग दिसत होता. दोन पाइपांच्या सांध्यात मुळ्या शिरून तो सांधा उकलला होता.

"गोदे, पाय निघंना," तो हुंदके देत म्हणाला. "लई गार हाय."

तिने ओढणी सोडून खाली टाकली. "धर. दोन्ही हातानं धर. मी वढते."

त्याच वेळी जमिनीतून घरघर ऐकू आली. सांध्यातून आधी हवेचा फूत्कार आला आणि मग पाणी. गावात वीज आली होती आणि पलीकडे धरणावर पंप चालू झाला होता. पाणी जोराने उसळून आश्र्याच्या छातीवर आदळलं. बघता बघता ते त्याच्या काखेपर्यंत चढलं.

"सुग्रीव," गोदा मागे न वळता म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "व्हॉल्व."

सुग्रीव पळाला. काट्यांनी शर्ट फाटला, पायातली एक चप्पल कुठे राहिली ते त्याला कळलंही नाही. चेंबरवरची फरशी त्याने ढकलली, आत उतरला आणि व्हॉल्वचं चाक धरलं. ते हलेना. त्याने पाय भिंतीला लावले आणि अंगातला सगळा जोर लावला. चाक करकरत फिरलं. पुन्हा फिरलं. पाइपमधला आवाज हळूहळू मंदावत थांबला.

तो तसाच चाकाला धरून धापा टाकत असताना वरून सावली पडली.

"कोण हाय रे आत?" पंपावरचा राधाकिशन होता. पाणी सोडून तो लाइनीलगतच्या वाटेने मोटरसायकलवर छावणीकडे निघाला होता. त्याने खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "सुग्रीव? तू?"

त्याने हात धरून सुग्रीवला वर ओढलं. "म्हंजी चेअरमनचंच पोरगं? अन् त्या धर्मराजला गाव सोडायला लावलं?"

"आधी आश्र्याला—"

"काय आश्र्या अन् फिश्र्या. चल छावणीत."

सुग्रीवने ओढ्याकडे पाहिलं. झुडपांच्या वर गोदाचा हात दिसला. ती हात हलवत होती. तिच्या खांद्यावर मातीने लडबडलेलं एक डोकं होतं. आश्र्या बाहेर आला होता.

सुग्रीवच्या मनात एक विचार आला. कालच रात्री जेवताना त्याने वडिलांना म्हणून पाहिलं होतं, "अण्णा, धर्मराजने पाणी चोरलं नसेल." मोहनरावांनी ताटावरून मानही वर केली नव्हती. पाणी गळतंय असं तीन पोरांनी सांगितलं तर त्यांनी ऐकलं नसतं. पण चोर सापडला म्हटल्यावर ते आले असते. नक्की आले असते.

"हो," तो मोठ्याने म्हणाला. "मीच फिरवला व्हॉल्व. पाणी कुठं जातं तेपण दाखवतो. पण अण्णांना इथं बोलवा. छावणीतल्या सगळ्यांना बोलवा. नाहीतर मी तोंड उघडणार नाही."

राधाकिशनने फोन लावला. बातमी वाऱ्यासारखी गेली. थोड्याच वेळात लिंबाखाली माणसं जमली. शेवटी मोहनराव आले. पांढरा सदरा, घामाने चिंब. त्यांनी मुलाकडे असं पाहिलं की सुग्रीव एक पाऊल मागे सरला.

"खरं आहे का हे?"

"चोर ओढ्यात आहे, अण्णा. चला."

मोहनरावांचा हात वर उठला होता. तो त्यांनी तसाच खाली घेतला, कारण सुग्रीव पाठ फिरवून चालायलाही लागला होता. माणसं काटे बाजूला करत त्याच्या मागून ओढ्यात उतरली. तिथे गोदा भावाला मांडीवर घेऊन बसली होती. दोघांच्या अंगावर काळा चिखल वाळत होता.

"कडेला थांबा सगळे," सुग्रीव म्हणाला. "जमीन पोकळ आहे. राधाकिशनकाका, आता व्हॉल्व उघडा."

राधाकिशन गेला. मग जमिनीत घरघर झाली, फूत्कार आला आणि भोकातून पाणी वर उसळलं. ते काठावरून ओघळलं, गवतातून पसरलं आणि पुढे ओढ्याच्या वाळूत जिरून दिसेनासं झालं. पाणी येतच होतं. वाळू ते पीतच होती.

छावणीतले म्हातारे सटवाबा खाली बसले. त्यांचा एक बैल चार दिवसांपूर्वी गेला होता. "माझ्या बैलाचं पाणी हितं जात होतं व्हय," ते एवढंच म्हणाले.

"राधाकिशन, लाइन कधी बघितली होती तू?" मोहनरावांनी विचारलं.

राधाकिशनने मान खाली घातली. "काटे लई माजलेत, चेअरमन. गेल्या सालापासनं आलो न्हाई इकडं. तुमीच म्हणलात, चोरी हाय, व्हॉल्ववर ध्यान ठिव."

"म्हटलं होतं," मोहनराव म्हणाले.

ते गोदाजवळ गेले. ती उठली नाही. आश्र्याला तिने आणखी जवळ ओढलं.

"कसं सापडलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

गोदाने सांगितलं. बकरी, पावडर, फुस्स झालेलं झाकण, नळीतली माती, बांबूवरची माशी. सांगताना तिचा आवाज एकदाच अडला, कपिलीपाशी. मोहनराव उभ्यानेच ऐकत होते. तिने सांगून संपवलं तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"आमच्या सोसायटीला जे दोन महिन्यांत सुचलं नाही, ते तुम्ही दोन दिवसांत केलंत, पोरांनो," ते म्हणाले.

"शाब्बास म्हणून भागणार न्हाई, मोहनराव." आजी भिवराबाई मागून काठी टेकत आली होती. काट्यांतून तिला कुणी आणलं होतं कोण जाणे. "माझ्या नातवाला चौघांत चोर म्हणलात तुमी. आता चौघांतच बोला."

मोहनरावांनी खिशातून फोन काढला. सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. बराच वेळ घंटा वाजत राहिली.

"कोण?" धर्मराजचा आवाज आला. मागे कुठेतरी पत्रे आदळत होते.

"मी मोहनराव बोलतोय, लिंबारवाडीहून. धर्मराज, तू पाणी चोरलं नाहीस. पाइप फुटला होता. मी तपास न करता तुला बोललो. माझं चुकलं. सगळी छावणी इथं उभी आहे, त्यांच्यासमोर सांगतोय. तू परत ये."

पलीकडे फक्त पत्र्यांचा आवाज. मग धर्मराज म्हणाला, "कपिली कशी हाय?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मोहनरावांनी गोदाकडे पाहिलं. गोदाने उठून त्यांच्या हातातून फोन घेतला.

"दादा, कपिली गेली. आज पहाटं."

"आजी?" त्याने विचारलं.

"हाय. हितंच हाय. दादा, बकरी नीट झाली. आता गळत न्हाई."

"येतो मी," तो म्हणाला.

पाइपचा सांधा त्याच दिवशी सोसायटीच्या माणसांनी उकरून बांधला. मोहनराव स्वतः दिवसभर खड्ड्यात उभे राहिले. दुसऱ्या सकाळी हौद भरून वाहिला. लोकांनी जनावरं सोडली. एकमेकांना न ढकलता, घाई न करता, ती पाण्यात तोंड घालून कितीतरी वेळ उभी राहिली. गोदा लांबून बघत होती. ज्याला त्याला आपलं जनावर होतं, तिला न्यायला कुणी नव्हतं. सटवाबांनी ते पाहिलं. त्यांनी आपल्या उरलेल्या बैलाचा कासरा तिच्या हातात दिला. "पोरी, ह्याला पाज," ते म्हणाले. "तुज्यामुळं राहिला म्हणायचा हा."

त्या सकाळी दूध आजीने डोक्यावर नेलं नाही. गोदाने कॅन बांधले, बकरीला किक मारली आणि आजी तोंडाला पदर लावून बघत असताना शेतवाटेने निघाली.

"ही कवा शिकली?" आजीने विचारलं.

"मला ठाव न्हाई," आश्र्या म्हणाला आणि पळाला.

धर्मराज दुपारच्या एसटीने आला. फाट्यावर पोरं गेली होती, पण त्यांच्या आधी मोहनराव येऊन थांबले होते, गाडीने नाही, पायी. धर्मराज खाली उतरला. एका आठवड्यात वाळला होता. मोहनरावांनी पुढे होऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली. त्याने सोडली नाही. ते तसेच धरून राहिले. मग त्याने सोडली.

फाट्यापासून छावणीपर्यंत उन्हाची वाट होती. पुढे चेअरमन एका ऊसतोड्याच्या पोराची पिशवी घेऊन चालत होते आणि मागे धर्मराज. दुकानापाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. सुग्रीव सगळ्यात मागे होता. वडिलांच्या ओल्या सदऱ्याकडे पाहताना त्याला पहिल्यांदाच त्यांची लाज वाटत नव्हती.

छावणीत आजीने धर्मराजचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग तिने सुग्रीवला जवळ ओढलं, चेअरमनच्या पोराला, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

धर्मराज हौदापाशी गेला. काठोकाठ पाणी होतं. त्याने कोपरापर्यंत हात बुडवला आणि तसाच राहू दिला. गोदा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"शेवटी पाणी पिली का ती?" त्याने विचारलं.

गोदाच्या ओठावर खोटं आलं होतं. तिने ते गिळलं.

"न्हाई, दादा."

त्याने मान हलवली. पाण्यातला हात बाहेर काढून तो ओलाच तिच्या मानेवर ठेवला, आणि दोघं तिथे उभी राहिली, दुसऱ्यांची जनावरं पाणी पीत होती त्याचा आवाज ऐकत.